जोरहाट, पाच तास

आमच्या घरात मुली द्यायचा एक नियम होता आणि तो अव्वाने, म्हणजे माझ्या आईने, माहेराहून आणला होता. सकाळची भाकरी सासरी खाऊन निघालेली लेक दिवे लागायच्या आत माहेरच्या उंबऱ्यात पोचली पाहिजे. त्याहून लांब मुलगी द्यायची नाही, मग मुलगा कितीही शिकलेला असो. या नियमाने माझी एक मावशी अक्कलकोटला गेली होती, एक बार्शीला. तिसरी सांगोल्याच्या बाजूला एका खेड्यात दिली होती. तिथून दुपारची एकच एसटी होती आणि ती चुकली की दिवे लागून जात. त्या मावशीला नातवंडं झाली तरी अव्वा त्या स्थळाचं नाव निघालं की नाक मुरडायची. अप्पांना, माझ्या वडलांना, हा नियम अडाणी वाटायचा. पण तसं तोंडावर बोलायची त्यांची छाती नव्हती. अव्वा भांडत नसे, ती गप्प बसे. आणि ती गप्प बसली की घरातला माणूस स्वतःहून पाटावरून उठून जाई, एवढं ते गप्प बसणं जड असे.

बाळीवेशीत आमचं घर होतं, खाली दोन खोल्या आणि वर एक माडी. सोलापूर त्या वेळी गिरणीच्या भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते भोंग्याला विचारून लावलेलं. मागच्या बोळातल्या पद्मशाल्यांच्या घरांतून मागांची खटखट दिवसभर यायची. ती थांबली की आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं आणि अव्वा म्हणायची, "कुनी गेलं वाटतं." स्वयंपाकघरात तिच्या भाकरी थापण्याचा आवाज असे. त्या भाकऱ्या ती चुलीपुढे उभ्या लावून कडक करायची आणि पत्र्याच्या डब्यात रचून ठेवायची. शेंगांची चटणी उखळात कुटली की तिचा तेलकट, तिखट वास माडीपर्यंत चढायचा. आज मिक्सरमधून चटणी काढताना मला तो वास येत नाही. सून म्हणते, आई, तुमचं नाक म्हातारं झालंय. असेलही.

अप्पांचं चाटी गल्लीत दुकान होतं, खणांचं आणि इरकली लुगड्यांचं; गल्लीत त्यांना शिवलिंगप्पा म्हणून ओळखत. अप्पा देखणे होते, टोपी नीट घालायचे आणि बोलायचे फार छान. गिऱ्हाईक बाई लुगडं परत ठेवायला लागली की ते असं काही बोलायचे की ती आणखी दोन खण घेऊन जायची. ते खोटं बोलायचे असं नाही. रंग पक्का आहे का विचारलं तर म्हणायचे, "वैनी, ह्ये लुगडं तुमच्या सुनंला बी नेसवताल की." रंगाबद्दल त्यात काहीच नसायचं. मी शाळा सुटल्यावर दुकानात जाऊन बसायची तेव्हा मला हे ऐकून अभिमान वाटायचा. आपले अप्पा किती हुशार, असं वाटायचं.

माझी थोरली बहीण कस्तुरी. तिला मी अक्का म्हणायची. अक्का हसायला लागली की तिला थांबता यायचं नाही, मग अव्वा कानडीत "साकु, साकु" म्हणजे पुरे, पुरे म्हणत स्वतःच हसायला लागायची. अव्वाला हसवू शकणारी घरात ती एकटी. तिला स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा अव्वाच्या नियमात बसणारी दोन-तीन आली होती. एक मुलगा भुसार दुकानात बसायचा. एक शाळामास्तर होता. अप्पांना एकही पसंत पडेना. मग अक्कलकोटकडच्या एका चांगल्या घरातलं स्थळ आलं. मुलगा यंत्रांचं शिकलेला, आसामात जोरहाट म्हणून गाव आहे, तिथे चहाच्या मळ्यावरच्या कारखान्यात नोकरीला. त्याने अर्ध्या विजारीत, डोक्यावर साहेबी टोपी घालून, एका मोठ्या यंत्रावर हात ठेवून काढलेला फोटो आला. अप्पांनी तो फोटो खिशात घालून चाटी गल्लीभर फिरवला. अक्काला कुणी काही विचारलं नाही, तेव्हा विचारत नसत. फोटो मात्र तिने माझ्याकरवी दोनदा मागवून घेतला होता, एवढं मला माहीत आहे.

अव्वाने एकच विचारलं, "जोरहाट कुटं हाय?" अप्पांनी मला माझ्या शाळेचं नकाशांचं मोठं पुस्तक आणायला सांगितलं. मी आठवीत होते. भारताचं पान उघडून मी जोरहाट शोधून दिलं. ते पानाच्या उजव्या कडेला, वर, इतकं कोपऱ्यात होतं की अव्वाने नुसतं बघितलं आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली. आता गप्प बसायचे दिवस सुरू होणार हे अप्पांनी ओळखलं. त्यांनी तिला परत बोलावलं. मल्लूमामा, अव्वाचा भाऊ, त्या दिवशी आला होता, त्यालाही बसवलं. मग खिशातून इरकलीच्या काठाचा रेशमी दोरा काढला. त्याचं एक टोक सोलापूरवर स्वतः धरलं, दुसरं जोरहाटवर मला धरायला लावलं, आणि कापड मापताना ओढतात तसा तो ताणून सरळ केला. मग तो दोरा पानाच्या खालच्या मापाच्या पट्टीवर ठेवून त्यांनी तोंडी हिशेब केला आणि म्हणाले, "इमानानं पाच तास."

"इमान?" मल्लूमामा म्हणाला.

"मग काय बैलगाडी? तितं इमानतळ हाय. आपल्या होटगी रोडला बी हाय. दोन्हीकडं हाय म्हनल्यावर मदी काय हाय? नुसतं आभाळ."

अव्वा दोऱ्याकडे बघत होती. तिला नकाशा कळत नव्हता, दोरा कळत होता. वीतभर तर होता. तिने अप्पांना विचारलं, "म्हंजे कस्तुरी सकाळी तितं भाकरी खाऊन निगाली तर दिवे लागायच्या आत हितं पोचंल?"

"दुपारच्याला पोचंल की. भोंग्याच्या आदी."

"तुमी सांगताय म्हनून हो म्हन्ते बगा," अव्वा म्हणाली. हे वाक्य मी नंतर फार वेळा आठवलं आहे. आयुष्यात तिने अप्पांना एवढ्या मोकळेपणी कधी हो म्हटलं नव्हतं. माझं बोट जोरहाटवर होतं ते मी अजून उचललेलं नव्हतं.

लग्न झालं आणि अक्का गेली. जाताना ती मुंबईपर्यंत आगगाडीने गेली, पुढे आगगाडीनेच. नवरानवरी मजेत फिरत जाणार म्हणून गाडीने निघालीत, असं अप्पांनी सांगितलं. सगळ्यांना पटलं. त्यानंतर अप्पांच्या तोंडी ते पाच तास असे बसले की दुकानात लुगड्याची घडी उलगडताना ते बाहेर पडायचे. "आमची कस्तुरी? पाच तासांवर हाय की." गल्लीतल्या लोकांना टिंगलीला असलं काही मिळालं तर ते सोडतात होय? त्यांनी अप्पांचं नावच पाच तास ठेवलं. पाच तास आले, पाच तास जेवायला गेले. शाळेत मुली मला विचारायच्या, "तुजी अक्का संद्याकाळी येती का गं भाजी न्यायला?" मी घरी येऊन रडायची. ते ऐकून अप्पा हसायचे. जळतात, म्हणायचे.

होटगी रोडच्या विमानतळावर विमान म्हणजे एखादा मंत्री आला तर उतरायचं, नाहीतर धावपट्टीवर शेळ्या चरायच्या. हे सगळ्या सोलापूरला माहीत होतं. पण आमच्या गल्लीत विमानात बसलेलं एकही माणूस नव्हतं, त्यामुळे मंत्र्याला येतं तर जावयाला का नाही येणार, ह्यावर कुणी छातीठोक काही बोलत नव्हतं. मागच्या महिन्यात माझा नातू आला होता, त्याला मी गंमत म्हणून सांगितलं, सोलापूर ते जोरहाट विमानाचं अंतर बघ. त्याने फोनवर दोन बोटं फिरवली आणि लगेच सांगितलं, एकवीसशे किलोमीटरच्या आसपास, वेळ तीन तासांच्या आत. मी विचारलं, असं विमान आहे का रे? तो म्हणाला, "नाही गं आजी. असतं तर एवढा वेळ लागला असता." म्हणजे तेव्हाच्या हळू विमानांसाठी अप्पांचा हिशेब चुकला नव्हता. तो 'असतं तर'चा हिशेब होता, एवढंच त्यांनी अव्वाला सांगितलं नव्हतं.

पहिली पंचमी आली, अक्का आली नाही. येळामोशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात जाऊन भज्जी आणि बाजरीचे उंडे खाताना अव्वाने तिच्या वाटणीचा उंडा बाजूला काढून ठेवला, तरी आली नाही. जावयांना रजा नाही, मळ्यावर काम फार, अशी कारणं अप्पा सांगायचे. अव्वा म्हणायची, "त्यास्नी रजा कशाला? पाच तासांला कशाला पायजे सोबत?" अप्पा टोपी घालून बाहेर पडायचे. मग अक्काला दिवस गेल्याचं कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ते काही चुकवता येत नाही. सातव्या महिन्यात एके दिवशी दुकानात तार आली. तारवाल्याने ती सगळ्यांसमोर वाचून दाखवली. जावयांनी केली होती: कस्तुरी सोमवारी सकाळी विमानाने निघते.

दुकानात पाचसहा माणसं होती. त्यांनी अप्पांकडे बघितलं. मी पण बघितलं. मला वाटतं तो एक क्षण असा होता की त्यांना हसून म्हणता आलं असतं, अहो, विमान कलकत्त्यापर्यंत, पुढे आगगाडी. कुणी काही म्हटलं नसतं. फार तर दोन दिवस हसले असते. पण अप्पांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "म्हंजे सोमवारी दुपारी होटगी रोडला. चला की समदे."

आणि सगळे आले. अव्वा पहाटेपासून रांधत होती. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, शेंगांच्या पोळ्या, धपाटे, दह्याचं मडकं. दोन टांगे केले. शेजारच्या बायका ओटीचं साहित्य आणि आरतीचं ताट घेऊन निघाल्या. त्यांत महानंदा होती, अक्काची मैत्रीण, बसप्पाकाकांची मुलगी. बसप्पाकाका म्हणजे आमचे लांबचे भाऊबंद, चाटी गल्लीतच आमच्या समोर त्यांचं दुकान. गल्लीतली पोरं सायकली घेऊन आधीच पोचली होती. विमानतळावर एक बैठं घर होतं, खांबावर वाऱ्याची पिशवी फडफडत होती, आणि कुंपणाच्या बाहेर बाभळीच्या सावलीत आम्ही सतरंजी टाकली. वर एक घार फिरत होती. पोरं घारीकडे बोट दाखवून "आलं, आलं" करून ओरडायची आणि सगळे उठून उभे राहायचे. महानंदा ताटातलं निरांजन परत परत विझवून ठेवायची.

दुपार कलली. मी अव्वाकडे बघितलं, ती मान वर करून बसली होती, डोक्यावरचा पदर मागे घसरला होता त्याचंही भान नव्हतं. सगळे वर बघत होते. मग माझं लक्ष अप्पांकडे गेलं. अप्पा वर बघत नव्हते. ते बाभळीच्या बुंध्याशी बसून चपलेच्या टोकाने मातीत रेघा ओढत होते. एकदाही त्यांनी आभाळाकडे बघितलं नाही. आणि मला कळलं की विमान येणार नाही, आणि हे त्यांना कालही माहीत होतं, आणि दोरा ताणला त्या दिवशीही माहीत होतं. लाज मला आधीही वाटायची, मुली चिडवायच्या त्याची. ही लाज वेगळी होती. ही कुणाला सांगता येत नव्हती.

शेवटी मल्लूमामाच म्हणाला, "दाजी, आता काय येत न्हाय वाटतं."

"उशीर झाला आसंल," अप्पा म्हणाले.

अव्वाने मान खाली केली. ती अप्पांना म्हणाली, "मग पोरगी कुटं हाय माजी?" ते मातीतल्या रेघा चपलेने पुसायला लागले. तिने पुन्हा विचारलं, "सातवा म्हैना हाय ओ तिला. कुटं हाय ती आत्ता?" बायका इकडे तिकडे बघायला लागल्या. मग अव्वा उठली आणि तिने डबे उघडले. हुग्गी उन्हाने आंबायला आली होती, घरी नेईपर्यंत टिकली नसती. तिने सगळ्यांना वाढलं. लोकांना नको म्हणवेना आणि खाववेना. पण एकदा घास तोंडात गेला की हुग्गी ती हुग्गीच, पोरांनी बोटं चाटली, एका काकूंनी तूप मागितलं, आणि मागे कुणीतरी "पाच तास" म्हणालं आणि दोघं-तिघं फिसकन हसले. अक्कासाठी केलेलं सगळं जेवण त्या माळावर संपलं. अव्वा वाढत होती. अप्पांच्या पुढ्यातही तिने पान ठेवलं आणि त्यांनी ते खाल्लं. खाली मान घालून, सगळं खाल्लं.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा दुकानात गेले नाहीत. ते स्टेशनवर जाऊन बसायला लागले. कुठली गाडी, किती वाजता, हे त्यांनाही माहीत नव्हतं. दौंडकडून येणारी प्रत्येक गाडी ते बघायचे, बायकांच्या डब्याशी जाऊन वाकून आत पाहायचे. अव्वा त्यांच्याशी बोलत नव्हती, पण डबा भरून द्यायची आणि तो घेऊन मला पाठवायची. मी डबा बाकावर ठेवून दूर चहाच्या गाड्याजवळ उभी राहायची, कारण हमालसुद्धा त्यांना ओळखायला लागले होते. अव्वा घरी देवापुढे बसून राहायची. बाळंतपणात गेलेल्या बायकांच्या गोष्टी शेजारणी नेमक्या त्याच दिवसांत का सांगायला येतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

शुक्रवारी दुपारी अक्का उतरली. मी तिथेच होते. आधी ट्रंक खाली आली, मग ती दांडीला धरून हळूहळू. केसांत कोळसा, लुगड्यावर डाग, आणि पाय इतके सुजलेले की जोडवी मांसात रुतली होती. चप्पल तिने हातात धरली होती. मळ्यावरचं एक नागपूरचं कुटुंब तिला सोबत होतं, त्यांच्याबरोबर ती विमानाने कलकत्त्याला आली, तिथून गाडीने नागपूरला. पुढे मनमाडला आणि दौंडला गाडी बदलताना ती एकटी होती. जावयांनी हे सगळं पत्रात लिहिलं होतं, ते पत्र तिच्या मागून आलं. अप्पांना बघून ती म्हणाली, "अप्पा, तुमी हितं? तुमास्नी कसं कळलं?" तिला वाटलं ते मुद्दाम बरोबर वेळेवर आलेत. ती आनंदाने हसायला लागली. अप्पांनी वाकून ट्रंक उचलली आणि डोक्यावर घेतली. मी म्हणाले, "अप्पा, हमाल करा की, लोक बगायलेत." ते तसेच निघाले.

घरी गल्ली गोळा झाली होती. अव्वाने लिंबलोण उतरवलं, अक्काचे पाय बघितले आणि गरम पाणी आणायला आत गेली. कुणीतरी बसप्पाकाकांच्या मागून विचारलंच, "काय गं कस्तुरी, लागले का पाच तास?" लोक हसायला टपूनच होते. अक्काने एकदा सगळ्यांकडे बघितलं, मग दारात ट्रंक उतरवून उभ्या असलेल्या अप्पांकडे. टोपीखालून त्यांचा घाम गळत होता. तिला वाटेत मी माळावरचं सगळं सांगितलं होतं.

"व्हय की," अक्का म्हणाली. "इमानात पाच तास बी लागले न्हाईत. मीच पुडं चार दिस पावन्यांकडं ऱ्हायले, देवदर्शन केलं."

हसणं थांबलं. लोक चुपचाप पांगले. अप्पांची अब्रू वाचली, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं तर त्यावर जरासुद्धा सुटल्यासारखं दिसत नव्हतं. सातव्या महिन्याच्या पोटुशी पोरीने सुजलेल्या पायांवर उभं राहून बापासाठी खोटं बोलावं, यापरीस लोक हसले असते तर बरं, असं त्यांना वाटलं असावं. निदान मला तसं वाटलं. आत अव्वाने ते ऐकलं होतं. पाणी घेऊन आली तेव्हा तिने अक्काला विचारलं, "चार दिस देवदर्शन? असल्या पायांनी?" अक्का म्हणाली, "होगली बिडु, अव्वा." जाऊ दे म्हणाली. अव्वाने जाऊ दिलं. तिला ते खरं मानायचं होतं, कारण ते खरं असलं तर लेक जवळ होती.

अक्काला मुलगी झाली, सुखरूप. घरात शेगडीचा धूर, ओव्याचा वास, डिंकाचे लाडू, बाळाचं रडणं, आणि अक्का परत हसायला लागली. अप्पा नातीला मांडीवर घेऊन बसायचे पण दुकानात बोलायचे कमी. पाच तास हे शब्द त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकले नाहीत. आता लोकच ते म्हणायचे, आणि टिंगलीने नाही. कस्तुरीने स्वतः सांगितलं म्हटल्यावर ते खरं झालं होतं.

मग एका सकाळी बसप्पाकाका घरी आले. हातात फोटो होता. महानंदेला स्थळ आलं होतं, मुलगा हवाई दलात कारकून, तेजपूरला. "तितं बी इमानतळ हाय म्हन्तात," काका म्हणाले. "आमची बायको लांब, लांब करून रडायलीय. म्हनलं शिवलिंगप्पाकडं जातो, त्येनं कसं मोजलं ते इचारतो. तेवडा दोरा लावून दाकवा की, म्हंजे तिची समजूत पटंल." आणि मला म्हणाले, "नीला, तुजा नकाशा आन बगू."

मी नकाशा आणला. अप्पांनी तो उघडला नाही. आतल्या खोलीच्या दारात अक्का बाळाला पाजत बसली होती, तिने अप्पांकडे बघून मान हलवली, नको म्हणून. तिचा अर्थ मला कळला. आता उगाच काही बोलू नका, झाकलेलं आहे ते झाकलेलं राहू दे. अप्पांनी टोपी काढून बाजूला ठेवली.

"बसप्पा, हितनं इमान जात न्हाय."

"म्हंजे?"

"जात न्हाय. कदीच जात नव्हतं. कस्तुरी आगगाडीनं आली, सोमवार ते शुक्रवार. माजी अब्रू ऱ्हावी म्हनून खोटं बोल्ली ती."

काकांनी फोटो खाली ठेवला. "मग दोरा लावलासा तवा तुमास्नी म्हायती नव्हतं?"

"म्हायती व्हतं."

"म्हायती व्हतं तर मग पोरगी दिलीसा कशी?"

मला वाटलं अप्पा आता काहीतरी छान बोलतील. नशीब म्हणतील, पोरीचं कल्याण म्हणतील. त्यांना सगळं येत होतं. ते म्हणाले, "मला जावई सायेब पायजे व्हता."

स्वयंपाकघरातलं उखळ थांबलं होतं. अव्वा दारात आली होती, हाताला चटणी तशीच. एवढंच म्हणाली, "बसप्पाण्णा, महानंदीच्या आईला सांगा, रडती ते बराबर रडती." आणि आत गेली. पुन्हा कुटल्याचा आवाज सुरू झाला. बसप्पाकाका फोटो घेऊन उठले. मी तिथेच नकाशा धरून बसले होते. अप्पा खरं बोलले याचा मला आनंद व्हायला हवा होता. पण ते बोलणं ऐकताना मला नकाशाच्या पानात तोंड लपवावंसं वाटत होतं.

अव्वा गप्प बसली. यावेळी अप्पा पाटावरून उठून गेले नाहीत. बसून जेवायचे, ती वाढायची. अक्काची जायची वेळ आली तेव्हा अप्पांनी गाडीची चौकशी करून आणली आणि म्हणाले की मी स्वतः तिला पोचवून येतो. कडक भाकऱ्या डब्यात भरता भरता अव्वा म्हणाली, "तुमी नको. मी जाते."

अव्वा बार्शीच्या पलीकडे कधी गेली नव्हती. अप्पा म्हणाले, "तुला गाड्या बदलायच्या कळनार हायत का? मी येतो की संगं."

"कळंल. नातवंड झालंय, आता लेकीच्या घरी पानी प्याया बी हरकत न्हाय." तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं. "लेक किती लांब हाय ते मी बगून येते. तुमी येऊन सांगितलासा तर मला आता खरं वाटायचं न्हाय."

ती रागाने बोलली नाही. मला वाटतं राग असता तर अप्पांना सोसला असता.

स्टेशनवर मी आणि अप्पा पोचवायला गेलो. अप्पांनी पाण्याचा फिरकीचा तांब्या खिडकीतून दिला, तो अव्वाने घेतला आणि बाकाखाली ठेवला. अक्काने बाळाचा हात धरून हलवला. शिट्टी झाली. गाडी हलली तसे अप्पा खिडकीबरोबर चालायला लागले. अव्वा समोरच्या लाकडी भिंतीकडे बघत बसली होती. मग तिने एकदम खिडकीतून मान बाहेर काढली आणि अप्पांच्या डोक्यावरून मला ओरडून म्हणाली, "नीला, अप्पाला येळंला जेवायला वाड गं."

अप्पा थांबले. गाडी पुढे गेली. फलाट माणसांनी भरलेला होता, हमाल होते, चहाचा गाडा होता, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध माझ्या वडलांनी डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली आणि ते मोठ्याने रडायला लागले. मी त्यांच्या मागेच होते. मी आधी आजूबाजूला बघितलं, ओळखीचं कुणी आहे का ते.